ती केसभर जागा

तीन दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला आमच्या जुन्या बँडच्या बेस गिटारवाल्याचा मेसेज आला. 'रश परत येतायत. जायचं का?' एवढंच. एरवी त्याला उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागत नाहीत. या वेळी तीन दिवस गेले, आणि मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

रश म्हणजे कॅनडातला तिघांचा रॉक बँड. बेस आणि गायन गेडी लीचं, गिटार अ‍ॅलेक्स लाइफसनची, ड्रम्स नील पिअर्टचे. मी ड्रम्सकडे वळलो तो पिअर्टमुळे. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि पिअर्टने काठ्या खाली ठेवल्या. ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या जवळच्यांनी त्याचं आजारपण इतकं जपून ठेवलं होतं की बाहेर बातमी आली तीही तो गेल्यावर तीन दिवसांनी. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो. घरी येऊन सराव करायच्या रबराच्या पॅडसमोर बसून राहिलो, वाजवलं काहीच नाही.

मग ऑक्टोबर २०२५ मध्ये गेडी आणि अ‍ॅलेक्सने जाहीर केलं की २०२६ मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर निघणार, सुरुवात त्याच लॉस एंजेलिसच्या सभागृहातून करणार, आणि ड्रम्सवर अनिका निलेस ही जर्मन ड्रमर असणार. पिअर्टच्या पत्नीने आणि मुलीनेही या दौऱ्याला मनापासून शुभेच्छा दिल्या. हे सगळं मी त्याच दिवशी वाचलं होतं आणि बाजूला सारलं होतं. बेसवाल्याने ते पुन्हा समोर आणून ठेवलं.

वय झालेल्या बँडचं रीयुनियन बघायला जावं का, हा वाद आमच्यात तीस वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, जाऊ नका, मनातलं चित्र बिघडेल. दुसरी म्हणते, जा, पुन्हा संधी मिळणार नाही. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हींत सगळी चिंता आपल्या आठवणींची आहे. त्या रात्री स्टेजवर काय वाजणार आहे, हे कुणी विचारतच नाही.

माझं मत ज्या दिवशी बनलं तो दिवस सांगतो. आम्ही चौघं कॉलेजात पाच वर्षं एकत्र वाजवायचो. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, चौघं चार दिशांना गेलो आणि सत्तावीस वर्षं एकत्र बसणं झालं नाही. चार वर्षांपूर्वी गायकाने फारच धरल्यामुळे तासावर मिळणारी एक रिहर्सल रूम घेतली. पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली. लीड गिटारवाला मधला तुकडा विसरला. मी एक ब्रेक, म्हणजे ड्रम्सचा मधला छोटा तुकडा, अर्धी मात्रा आधीच संपवून टाकला. गायकाचा आवाज वरच्या सुरांना फाटत होता आणि आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. तिसऱ्या गाण्याला मात्र, ध्रुवपदाच्या तोंडाशी, बेसवाला समेवर केसभर आधी पोचला. तो कायमच आधी पोचायचा. आणि माझा हात, मी काही न ठरवता, स्नेअरवर, म्हणजे मधल्या खणखणीत ड्रमवर, केसभर उशिरा पडला. कॉलेजात नेमकं असंच व्हायचं. त्याचा बेस आणि माझा स्नेअर यांच्यात एवढीशी जागा राहायची आणि तिच्यातून गाणं पुढे झुकायचं. मधल्या वर्षांत मी कितीतरी बेसवाल्यांबरोबर वाजवलंय. त्यातले दोघं-तिघं त्याच्यापेक्षा नक्कीच तयारीचे. ती जागा कुणाबरोबर तयार झाली नाही. मी मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता.

म्हणून रीयुनियनचं तिकीट काढताना मी एवढंच बघतो, की ती जागा ज्यांच्यात तयार व्हायची ती माणसं स्टेजवर आहेत का. आणि ड्रमर असल्यामुळे माझी नजर आधी ड्रम्सच्या स्टुलावर जाते.

लेड झेपेलिनचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात चांगलं आणि वाईट दोन्ही आहे. २५ सप्टेंबर १९८० ला त्यांचा ड्रमर जॉन बॉनम गेला. बाकीच्या तिघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही, बँडच थांबवला. याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. पण १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते फिलाडेल्फियात स्टेजवर आले. ड्रम्सवर दोघं होते, टोनी थॉम्प्सन आणि जेनेसिस या बँडचा फिल कॉलिन्स. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आला होता. एकत्र सराव जवळपास झालाच नव्हता. गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसलेला, जिमी पेजची गिटार सुरात नाही, आणि मागे दोन ड्रमर एकमेकांचा अंदाज घेत चाचपडतायत. पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा बँडने आपला भाग तिच्यात घेऊ दिला नाही. मी ती चित्रफीत बघितलीय. दोन ड्रमर जेव्हा एकमेकांना सांभाळून वाजवतात तेव्हा ठेका कुणाचाच राहत नाही, हे मी तिथे शिकलो. कॉलिन्ससारखा माणूससुद्धा विमानातून उतरून ती जागा भरू शकत नाही.

आता त्याच बँडची १० डिसेंबर २००७ ची रात्र घ्या. लंडनचा ओटू अरीना. कार्यक्रम आधी नोव्हेंबरात होता, पण पेजचं बोट मोडलं म्हणून पुढे ढकलला. तिकिटांसाठी दोन कोटी लोकांनी नावं नोंदवल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि सभागृहात मावणार साधारण वीस हजार. या वेळी ड्रम्सवर होता जॉनचा मुलगा जेसन, वय ४१. बापाचं वाजवणं तो लहानपणापासून कानात साठवत आला होता. सरावाला कित्येक आठवडे दिले. प्लांट तेव्हा ५९ वर्षांचा होता आणि बरीचशी गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली होती. दोन तासांहून जास्त वेळ ते वाजवत राहिले. त्या रात्रीचं चित्रण मी इतक्यांदा बघितलंय की जेसन कुठे श्वास घेतो तेही मला ठाऊक आहे. तो बापाची नक्कल करत नाही. बाप पेजसाठी जिथे थांबायचा तिथे हा थांबतो, आणि पेज त्या थांबण्यावर डोळे मिटून उडी घेतो. त्यानंतर दौरा काढला नाही. एकच रात्र. मला वाटतं तेही बरोबरच केलं.

पट्टी खाली घेण्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण याच मुद्द्यावर लोक नाकं मुरडतात. 'मूळ पट्टीत गाता येत नसेल तर येता कशाला?' वय वाढतं तसे स्वरतंतू पातळ होतात, त्यांचा लवचीकपणा जातो, स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात आणि छातीतला दम कमी होतो. पंचविसाव्या वर्षी किंकाळीसारखा लावलेला सूर पासष्टाव्या वर्षी लागत नाही, यात आळस नाही की कसूर नाही. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. एक, पट्टी उतरवायची. गिटारवाले बहुतेकदा बोटांच्या जागा न बदलता सगळ्या तारा अर्धा किंवा एक स्वर सैल करतात. तारा सैल झाल्या की आवाज जाड होतो, जरा काळोखा होतो. गाणं तेच राहतं, त्याचा रंग बदलतो. मला तो रंग आवडतो.

दुसरा मार्ग मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आणि तो दिवस अजून डाचतो. बँडचं नाव घेत नाही. मूळ चौघांतला एकटा गायक उरलेला, बाकी सगळे भाडोत्री, पण पोस्टरवर नाव तेच आणि फोटो जुना. दुसऱ्या गाण्यात वरचा सूर आला, गायकाने माइक तोंडापासून हातभर लांब नेला, आणि सूर चालूच राहिला. शंभर टक्के तरुण, रेकॉर्डमधला सूर. माझ्या शेजारी माझी मुलगी होती, तेव्हा तेरा वर्षांची. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलंय हे मला कळलं. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ठेका मोजणारी मशीनची टिकटिक, चालू होतं, त्यामुळे सारा वेळ ठेका मशीनच्या हातात होता. कुणी कुणासाठी थांबलं नाही, कुणी कुणाच्या आधी पोचलं नाही. आम्ही मध्यंतरानंतर निघून आलो. घरी येताना मी तिला त्याच बँडची जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकवली. तिच्यात चुका आहेत, आणि त्या ऐकून ती हसली, पण ते हसणं चांगलं होतं.

चुकांवरून पोलीस या बँडची गोष्ट आठवते. स्टिंग, अँडी समर्स आणि स्ट्युअर्ट कोपलंड २००७ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि मेच्या अखेरीस व्हँकुव्हरमध्ये दौरा सुरू झाला. दुसऱ्या रात्रीनंतर कोपलंडने, म्हणजे ड्रमरनेच, स्वतःच्या वेबसाइटवर सविस्तर लिहिलं की आम्ही किती वाईट वाजवलं, कोण कुठे चुकलं, तो स्वतः कुठे चुकला. एवढ्या मोठ्या बँडचा ड्रमर दौऱ्याच्या पहिल्याच आठवड्यात असं जाहीर लिहितो, याचं लोकांना नवल वाटलं. मला ते वाचून त्या दौऱ्याविषयी भरवसा वाटला. मशीनवर चालणाऱ्या कार्यक्रमात असं चुकताच येत नाही. तिघं एकमेकांना शोधत होते म्हणून चुकले. दौरा पुढे ऑगस्ट २००८ पर्यंत चालला. तेव्हापासून मी सगळ्यांना एक सांगतो: जायचंच असेल तर दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, दोन महिने जाऊ द्या.

मी स्वतः पाहिलेल्यांत सगळ्यात खोल गेलेला कार्यक्रम जेनेसिसचा. मार्च २०२२, पुन्हा ओटू अरीना, त्यांच्या अगदी शेवटच्या तीन रात्रींपैकी एक. कामानिमित्त मी त्या आठवड्यात लंडनमध्ये होतो आणि एका सहकाऱ्याकडे जास्तीचं तिकीट होतं. फिल कॉलिन्स काठी टेकत आला आणि खुर्चीवर बसला. २००७ च्या दौऱ्यात मानेचा मणका दुखावल्यापासून त्याच्या हातांची ताकद गेली. पुढे २०१० च्या आल्बमसाठी त्याने ड्रमच्या काठ्या हातांना टेपने बांधून वाजवलं होतं. ज्याचं ऐकून एका पिढीने ड्रम्स शिकले, त्याला आता ड्रमची काठी धरता येत नाही. ड्रम्सवर त्याचा मुलगा निक, तेव्हा वीस वर्षांचा.

माझी जागा वरच्या बाजूला होती, त्यामुळे मला दोघंही एका रेषेत दिसत होते. ड्रमरच्या वाट्याला गायकाची पाठ येते. आम्ही चेहरा क्वचित बघतो. खांदे कधी वर जातात, मान कधी झुकते, यावरून पुढची ओळ कधी सुरू होणार ते ओळखतो. १९७० ते १९७५ फिल कॉलिन्स असाच गायक पीटर गॅब्रिएलच्या पाठीकडे बघत वाजवायचा. गॅब्रिएल सोडून गेला आणि कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला. आणि त्या रात्री त्याच्या पाठीकडे त्याचा मुलगा बघत होता. बापाचा आवाज दमलेला होता, खालचे सूर पुटपुटल्यासारखे यायचे. एका ओळीला तो उशिरा आला, चांगला उशिरा. निकने जास्तीचं काही वाजवून ती जागा झाकली नाही. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, जरा उघडा ठेवला आणि वाट पाहिली. बाप आला. तेव्हा मला रडू आलं, आणि शेजारचा अनोळखी माणूसही डोळे पुसत होता.

कुणी म्हणेल, ही तर सहानुभूती झाली, संगीत कुठे? मी म्हणेन, वाट बघणं हेच संगीत. त्या हाय-हॅटची लांबी बरोबर होती. अर्धी मात्रा कमी असती तर ती दया वाटली असती.

ब्लॅक सॅबथ या बँडची शेवटची रात्र मी लॅपटॉपवर पाहिली. ५ जुलै २०२५, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, ते लहानाचे मोठे झाले त्या भागातलंच मैदान. गायक ऑझी ऑस्बोर्न ७६ वर्षांचा, पार्किन्सन्सने शरीर ऐकत नाही, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. पण माझं लक्ष त्यांचा मूळ ड्रमर बिल वॉर्डकडे होतं. २०१२ नंतरच्या त्यांच्या रीयुनियनमध्ये करारावरून बिनसलं आणि वॉर्ड नव्हता. २०१७ चा निरोपाचा कार्यक्रमही त्याच्याशिवाय झाला. ते कार्यक्रम नीट बांधलेले होते, ड्रमर ताकदीचा होता, आणि मला ते कधीच पुन्हा बघावेसे वाटले नाहीत. वॉर्डच्या हातात जॅझ आहे. त्याचा ठेका सरळ पडत नाही, जरा डुलत येतो, आणि टोनी आयोमीच्या जड गिटारखाली तो डुलला की ती गिटार चालायला लागते. त्या रात्री चौघं २० वर्षांनी एकत्र होते आणि फक्त चार गाणी वाजवली. वॉर्ड दमला होता, हे दिसत होतं. डुलणं तेच होतं.

आणि तारा सैल करण्याबद्दल वर लिहिलंय, त्याचा उगमही याच बँडपाशी जातो. आयोमीच्या दोन बोटांची टोकं सतरा वर्षांचा असताना कारखान्यातल्या यंत्रात गेली. त्या बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून पुढे त्याने तारा सैल केल्या, आणि तो जड, काळोखा आवाज सगळ्या हेवी मेटलचा झाला. शरीर साथ देत नाही म्हणून पट्टी उतरवणं ही म्हातारपणाचीच गोष्ट नाही. ते विशीतही करतात.

२२ जुलैला ऑझी गेला. कार्यक्रमानंतर १७ दिवसांनी.

इथे एक कबूल करायला हवं. प्रत्येक बँडचा आस ड्रम्सच्या स्टुलावर नसतो. ओएसिस २००९ मध्ये फुटला तोवर त्यांचे चार ड्रमर होऊन गेले होते, २०२५ च्या दौऱ्यात पाचवा आला. तिथे ती जागा बँडमधल्या दोन भावांमध्ये आहे, एकाच्या गळ्यात आणि दुसऱ्याच्या कोरसमध्ये. भाऊ आले म्हणजे बँड आला. पिंक फ्लॉइडच्या बाबतीत २ जुलै २००५ ला हाइड पार्कमध्ये चौघं २४ वर्षांनी एकत्र उभे राहिले. कीबोर्डवाला रिचर्ड राइट तीन वर्षांनी गेला, आणि ते चौघं पुन्हा कधीच दिसणार नव्हते. त्या दिवशी निक मेसनचा संथ ठेका ऐकताना मला राइटच्या सुरांना केवढी ऐसपैस जागा त्याने ठेवलीय ते पहिल्यांदा लक्षात आलं. पस्तिशीत आलो होतो तेव्हा मी. विशीत मला मेसन कंटाळवाणा वाटायचा.

तर रश.

तीन दिवस मी पिअर्टच्या स्टुलाकडेच बघत होतो. ते रिकामं आहे आणि रिकामंच राहणार. जेसन किंवा निकसारखं रक्ताचं कुणी तिथे बसणार नाही. माझ्याच हिशेबाने मी 'नको' म्हणायला हवं होतं. मग काल रात्री त्यांचा १९७४ चा पहिला आल्बम लावला. त्यात पिअर्ट नाहीच. ड्रम्सवर जॉन रट्सी आहे. पिअर्ट त्याच वर्षी जुलैअखेर आला. आणि त्या आल्बमवरही गेडी आणि अ‍ॅलेक्समधली ती ओढ ऐकू येते, बेस पुढे धावतोय आणि गिटार त्याला मागून धरतेय. ते शाळेपासूनचे मित्र. त्यांच्यातली जागा पिअर्टच्या आधीची आहे. पिअर्टने ती बघितली आणि तिच्याभोवती स्वतःचं घर बांधलं. एवढी वर्षं मी फक्त घर बघत होतो.

अनिका निलेसचं वाजवणं मी पूर्वीपासून ऐकत आलोय. २०२२ मध्ये ती जेफ बेकबरोबर दौऱ्यावर होती, आणि बेकसारख्या गिटारिस्टबरोबर वाजवायचं तर दर क्षणी कान उघडा लागतो. तिचा हात पिअर्टपेक्षा वेगळा आहे, अधिक मऊ, ठेक्याच्या पोटात शिरणारा. ती त्याचे ब्रेक जसेच्या तसे वाजवेल की नाही याची मला आता चिंता नाही. सत्तरी ओलांडलेला गेडी तिच्याबरोबर कुठे आधी पोचतो आणि ती त्याच्यासाठी कुठे थांबते, ते मला ऐकायचंय. पहिल्या आठवड्यात नको. दोन महिन्यांनी.

एवढं लिहून झाल्यावर बेसवाल्याला उत्तर पाठवलं: 'जायचं. पण समोरची तिकिटं घेऊ नकोस. बाजूची बघ, तिचे हात दिसतील अशी.'

लगेच उत्तर आलं. 'अरे, मग गेडी मला पाठमोरा दिसेल.'

आता त्यावर आमचं चाललंय.